उघड्या पाठीचा हेडफोन

तानपुऱ्याची खर्जाची तार नीट लागली, जवारी मोकळी झाली, की कुणीही न छेडलेला गंधार त्या तारेतून बोलू लागतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झवर असतो. त्याच्या पाचपट म्हणजे ३४६ हर्ट्झच्या आसपास जो अंश उमटतो, तो नेमका तार सप्तकातला गंधार. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीवर शोधनिबंध लिहिला, तोही या तारा इतके अंश कुठून आणतात या कुतूहलापोटी. शास्त्रीय संगीतासाठी हेडफोन निवडताना मी पहिली परीक्षा या स्वयंभू गंधाराची घेतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातली अगदी सुरुवातीची मिनिटं लावायची, गायकानं अजून तोंडही उघडलेलं नसतं अशी. तिथं गंधार तरंगताना ऐकू आला, तरच त्या हेडफोनबद्दल पुढचं बोलायचं.

ही परीक्षा मोलाची वाटते, कारण हा गंधार आवाजाच्या पट्ट्यात अगदी मधोमध बसतो. बाजारात हेडफोन विकला जातो तो घुमणाऱ्या बेसवर, नाहीतर चकाकणाऱ्या ट्रेबलवर. माणसाचा गळा, सारंगी, हार्मोनियम, व्हायोलिन, सॅक्सोफोन, पियानोचा बराचसा भाग, या सगळ्यांचा जीव त्या दोन टोकांच्या मधे असतो. मधला भाग ज्याचा खरा, तो हेडफोन शास्त्रीय आणि जॅझ ऐकणाऱ्याचा. तपशील, विस्तार, चमक हे सगळं त्यानंतर. आणि हा मधला भाग मोकळा ठेवण्यात ओपन-बॅक, म्हणजे पाठ उघडी असलेले हेडफोन सहसा पुढे असतात.

त्याचं कारण साधं आहे. हेडफोनच्या वाटीत एक पातळ पडदा असतो. तो पुढे सरकला की कानाकडे हवा ढकलतो, आणि त्याच वेळी पाठीमागची हवाही तितकीच हलवतो. या मागच्या लाटेचं करायचं काय, हा हेडफोन बनवणाऱ्यापुढचा जुना प्रश्न. वाटी बंद असेल तर ती लाट भिंतीवर आपटून परत येते, पातळ पडद्यातून कानाकडे झिरपते, आणि मूळ स्वरात थोडी उशिरा मिसळते. काही स्वर फुगतात, काही दबतात. चांगल्या बंद हेडफोनमध्ये आत फेल्ट, स्पंज भरून हे बरंच आटोक्यात आणतात, पण तसं करायला कसब लागतं आणि पैसाही. उघड्या हेडफोनमध्ये पाठीला नुसती जाळी असते. लाट बाहेर निघून जाते. बंद खोलीत गाणं आणि अंगणात गाणं यात जो फरक, तोच इथं कानाला जाणवतो.

या मोकळेपणाची किंमतही तिथंच चुकवावी लागते. अगदी खालच्या स्वरांत पुढची आणि मागची लाट वळसा घालून एकमेकींना गाठतात आणि खोडून टाकतात, त्यामुळे पडदा साधा असेल तर बेस खाली उतरता उतरता विरळ होतो. शिवाय जी जाळी आतला आवाज बाहेर सोडते, तीच बाहेरचा आवाज आत घेते.

हेडफोनला इतिहास मोठा आहे. जर्मनीतल्या बायर (आजच्या बायरडायनॅमिक) कंपनीचा डीटी ४८ हा १९३७ चा. अमेरिकेत मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये एसपी/३ आणला आणि स्टिरिओ रेकॉर्ड घरी हेडफोनवर ऐकायची चाल पडली. कानावर घट्ट बसणारे, जडशीळ, बंद वाट्यांचे हेडफोन तोवर सर्वमान्य होते. बाहेरचं जग जितकं बंद, तितकं ऐकणं चांगलं अशीच समजूत होती. १९६८ मध्ये हॅनोवरजवळच्या सेनहायझर कंपनीनं एचडी ४१४ बाजारात आणला. हलका, पिवळ्या स्पंजाच्या गाद्यांचा आणि पाठीला उघडा. व्यापारी पातळीवर आलेला हा पहिला ओपन-बॅक हेडफोन. त्याचा खप पुढे एक कोटीच्या वर गेला. आज आपण या प्रकारात जे काही विकत घेतो, ते सगळं त्या पिवळ्या स्पंजाच्या कुळातलं.

आता आपल्या घराकडे येऊ, कारण या निवडीत मॉडेलच्या आधी खोलीचा विचार करावा लागतो आणि नेमका तोच बहुतेकांकडून राहून जातो. मुंबई-पुण्याच्या घरात डोक्यावर पंखा फिरत असतो. खाली रिक्षा, शेजारी मिक्सर, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. उघडा हेडफोन यातलं काहीच अडवत नाही. विलंबित ख्यालातली आलापी, चेंबर संगीतातला शेवटचा विरत जाणारा स्वर, ड्रमवर फिरणारा ब्रश, हे सगळं पंख्याच्या घरघरीत बुडतं. मग हात आपसूक आवाज वाढवायच्या बटणाकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज वाढत जाईल तशी ही वेळ झपाट्यानं कमी होते. पंख्यावर मात करायला रोज आवाज चढवणारा माणूस चांगल्या हेडफोननं कानाचं नुकसान करून घेतो. ज्याला रात्री दहानंतरचा किंवा पहाटेचा शांत तास मिळत नाही, लोकलमध्ये किंवा ऑफिसातच ऐकायचं आहे, त्यानं खुशाल बंद वाटीचा चांगला हेडफोन घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक. शेजारच्या उशीवर झोपलेल्या माणसाला तुमचा द्रुत ख्याल स्पष्ट ऐकू जातो. उलट बाजूनं पाहिलं तर दाराची बेल, आजींची हाक, बाळाचं रडणं तुम्हालाही ऐकू येतं. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर उघड्या हेडफोनचा हा गुण लहान नाही.

खोलीचं ठरलं की आपण ऐकतो काय, याकडे वळावं. आपल्या शास्त्रीय संगीताचा मोठा ठेवा जुन्या ध्वनिमुद्रणांत आहे. १९३७ मध्ये गेलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या, त्यानंतरच्या एचएमव्हीच्या लाँग प्ले, आकाशवाणीच्या फिती. यांत फारसा बेस नाही, अतितार भागात संगीतापेक्षा खरखरच जास्त, आणि बराचसा माल एकाच वाहिनीचा. अशा ध्वनिमुद्रणावर ट्रेबल उचललेला हेडफोन लावला की सुईची खरखर आणि ‘स’, ‘श’ ही अक्षरं पुढे येतात, गळा मागे पडतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० हा लोकप्रिय हेडफोन मला म्हणूनच या कामासाठी सुचवावासा वाटत नाही. त्यातली वरच्या पट्टीची धार नव्या चकचकीत ध्वनिमुद्रणात काही जणांना आवडेल, पण खाँसाहेबांच्या ठुमरीवर ती बोचते. त्याचाच भाऊ डीटी ८८० अर्धउघडा आहे आणि स्वभावानं बराच सौम्य.

याउलट सेनहायझरचा एचडी ६००. १९९७ साली आला, ॲक्सेल ग्रेल या अभियंत्यानं घडवला, आणि आजही विकला जातो. त्याचा मधला भाग इतका सरळ आहे की अमीर खाँसाहेबांचा मंद्रातला ‘सा’ आणि किशोरीताईंचा तार सप्तकातला स्वर, दोन्ही आपापल्या वजनानं येतात. कुणाला उगाच फुगवलेलं नाही, कुणाला पातळ केलेलं नाही. तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ आणि लवेवरचा ‘तिं’ यांत कातड्याचा फरक ऐकू येतो. मिरजेचा कारागीर घोडी घासून, तारेखाली सूत सरकवून जी जवारी काढतो, तिचा दाणा यात शाबूत राहतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव ज्या आवाजासाठी आहे, तो घरी ऐकायचा तर असंच काही हवं. या हेडफोनचे दोष म्हणजे सर्वांत खालचा बेस उतरता आहे आणि आवाजाचा मांडव लहान. सगळे कलाकार डोक्याच्या जवळ बसल्यासारखे वाटतात. ख्यालाला याची अडचण होत नाही. बैठकीत आपण गवयाच्या पुढ्यातच बसतो.

मांडव मोठा हवा असेल तर ऑस्ट्रियाच्या एकेजीचे के ७०१, के ७०२, के ७१२ बघावेत. व्हिएन्नात १९४७ मध्ये सुरू झालेली ही कंपनी. तिथलं कार्यालय २०१७ मध्ये बंद झालं आणि तिथल्याच काही जणांनी ‘ऑस्ट्रियन ऑडिओ’ ही नवी कंपनी काढली. के ७०१ वर व्हायोलिनांचा ताफा डावीकडून उजवीकडे छान पसरतो, मात्र चेलो आणि पुरुषी गळा थोडा बारीक होतो. वाद्यवृंद ऐकणाऱ्याला हा सौदा परवडतो, ख्याल ऐकणाऱ्याला कमी.

जॅझची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिथं मला जरा रेंगाळायचं आहे. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवर बिल एव्हान्स, डबल बेसवर स्कॉट लफारो, ड्रमवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशा पाच बैठकी त्या दिवशी ध्वनिमुद्रित झाल्या. पहिल्याच रचनेच्या मधे वीज गेली आणि फितीवरचा आवाज तुटला. संपूर्ण संचात तो तुकडा आजही तसाच ऐकायला मिळतो. लोक गप्पा मारतायत, ग्लास किणकिणतायत, कुणीतरी हसतंय, आणि या तिघांचं चालू आहे. लफारो बेसवर केवळ ठेका धरत नाही. तारांच्या वरच्या टोकाला जाऊन तो पियानोला उत्तरं देतो, आपल्याकडच्या जुगलबंदीसारखं. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, मोटार अपघातात तो गेला. वय २५.

हे ध्वनिमुद्रण चांगल्या उघड्या हेडफोनवर लावा. बेस फुगवणाऱ्या हेडफोनवर लफारोचं बोट, तार आणि लाकूड यांचा एकच गोळा होतो. उघड्या हेडफोनवर आधी बोटाची ओढ कळते, मग तार, मग वाद्याच्या पोटातली घुमार. डबल बेसची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, पण लफारोचं बोलणं त्याच्या पुष्कळ वर चालतं, त्यामुळे तळाचा बेस थोडा कमी पडला तरी इथं काही बिघडत नाही. मोशनचा ब्रश आणि कुणाच्या तरी टेबलावरचा ग्लास हे दोन आवाज वेगवेगळ्या अंतरावरून येतात. अशा वेळी त्या तळघराची उंची, गर्दी, हवा अंदाजानं कळते. उघड्या पाठीचा खरा लाभ मला इथं दिसतो.

न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिनमधलं ग्रॅडो हे १९५३ पासूनचं घराणं. त्यांचे एसआर ६०, एसआर ८० हे कानावर टेकणारे छोटे उघडे हेडफोन जॅझवाल्यांच्या आवडीचे. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन त्यांत अंगावर येतात, गिटारची तार कडक लागते. म्यूट लावलेला माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट मात्र तासाभरानं टोचू लागतो, आणि स्पंज कानाच्या पाळीवर दाबला जातो. छोट्या बैठकीसाठी उत्तम, सिम्फनीसाठी नव्हे.

जुन्या स्टिरिओ जॅझचा आणखी एक त्रास हेडफोनवरच जाणवतो. साठच्या दशकाच्या आसपासच्या पुष्कळ ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे, ड्रम पूर्ण उजवीकडे असे ठेवलेले आहेत. स्पीकरवर डावीकडचा आवाज किंचित उशिरा, किंचित हलका होऊन उजव्या कानालाही पोचतो, म्हणून ते खटकत नाही. हेडफोनवर तसं होत नाही आणि एक कान रिकामा राहतो. यावर ‘क्रॉसफीड’ नावाची सोय काही प्लेअर ॲप्समध्ये आणि अॅम्प्लिफायरमध्ये असते. ती दोन्ही बाजू थोड्या एकमेकींत मिसळते. जॅझ ऐकणाऱ्यानं नवा हेडफोन घ्यायच्या आधी ही फुकटातली सोय वापरून पाहावी.

या सगळ्यात माप कुठलं धरायचं, हा खरा प्रश्न. माझ्या मते माप एकच, प्रत्यक्ष ऐकलेला आवाज. ज्यांनी १९७८ पासूनच्या जॅझ यात्रेत मुंबईच्या रंगभवनच्या खुल्या मंचासमोर बसून सॅक्सोफोन ऐकला, ज्यांनी ताजमधल्या गोवेकर वादकांच्या ताफ्यांचे ट्रम्पेट ऐकले, किंवा जे आज एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामाला जातात, त्यांच्या कानात ते माप आहे. ‘सवाई’ महोत्सवात लाउडस्पीकरवरून येणारा आवाज मात्र माप म्हणून धरू नये; घरातल्या बैठकीत, माइकशिवाय ऐकलेला तानपुरा आणि गळा धरावा. पाश्चात्त्य संगीतापुरतं सांगायचं तर एखाद्या चर्चमध्ये गाणारा गायकवृंद ऐकून ठेवावा.

वाद्यवृंदात तळाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. रिचर्ड श्ट्राऊसच्या ‘झरथुष्ट्र’ या रचनेची सुरुवात ऑर्गनच्या खोल ‘सी’वर होते, साधारण ३३ हर्ट्झ. फ्रिट्झ रायनर आणि शिकागो सिम्फनीनं १९५४ मध्ये केलेलं तिचं ध्वनिमुद्रण स्टिरिओच्या पहिल्या काळातलं, आणि अजूनही दमदार. एचडी ६०० वर तो ‘सी’ सुचतो, जाणवत नाही. इथं प्लेनर हेडफोन उपयोगी पडतात. त्यांत पडदा सपाट असतो, त्यावर पातळ तारेचा मार्ग छापलेला असतो आणि एका किंवा दोन्ही अंगांना चुंबक. संपूर्ण पडदा एकसाथ हलतो, म्हणून तळ खूप खालपर्यंत सरळ राहतो. हायफायमॅन या कंपनीचे एचई४००एसई आणि सुंदारा हे यातले आवाक्यातले. सुंदारा जरा अधिक नेमका, एचई४००एसई स्वस्त. पखवाज, डग्ग्याची घिस, ऑर्गन, ग्रँड पियानोचा डावा हात हे त्यात बरे लागतात. वजन मात्र पाहावं. एचडी ६०० साधारण २६० ग्रॅमचा, एचई४००एसई ३९० ग्रॅमचा. ऑडेझीचे मोठे प्लेनर अर्ध्या किलोच्या वर जातात. ब्रुकनरची सिम्फनी किंवा पूर्ण बडा ख्याल ऐकताना मानेला हा फरक कळतो. चष्मा असणाऱ्यांनी एचडी ६०० ची सुरुवातीची घट्ट पकडही तपासून घ्यावी.

‘याला अॅम्प्लिफायर लागतो का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. एचडी ६०० चा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टवर तो सुमारे ९७ डेसिबल देतो. फोनला लावायच्या छोट्या चांगल्या डाँगलमधून साधारण १ व्होल्ट मिळतो. सिनेसंगीताला ते पुरतं. पण वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा वीसेक डेसिबल खाली असते आणि शांत जागा त्याहूनही खाली. त्या जागा पंचावन्न डेसिबलच्या आसपास येतात आणि तिथं पंखा वाट पाहत असतो. ख्याल-ठुमरीपुरतं डाँगल चालून जातं, सिम्फनी ऐकायची तर टेबलावरचा छोटा डॅक-अॅम्प, म्हणजे डिजिटल संकेत उलगडून आवाज वाढवणारी पेटी, घ्यावा. प्लेनरचं उलटं असतं. त्यांचा इम्पिडन्स कमी, पण करंट जास्त हवा. यापुढच्या वायर, स्टॅक, हजारोंच्या केबल यांत मी पडत नाही. तेवढ्या पैशांत एक चांगली तबकडी किंवा मैफलीचं तिकीट येतं.

तुलना करताना दोन्ही हेडफोनचा आवाज अगदी सारखा ठेवावा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमी चांगला वाटतो, भले तो चांगला नसो. दुकानात पाच मिनिटांत फैसला करू नये. मित्राचा हेडफोन घरी आणून, आपल्या ओळखीचं, शंभरदा ऐकलेलं गाणं लावावं आणि तासभर ऐकावं. कान दमला का, हे पाहावं.

वयाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून सांगतो. साठी ओलांडली की वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होतं, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पंचविशीतल्या परीक्षकाला बोचणारा ट्रेबल सत्तरीतल्या रसिकाला बोचणारच असं नाही, आणि नेमक्या त्याच ट्रेबलच्या आधारावर त्याला बोल स्पष्ट ऐकू येतात. आपल्या आजोबांसाठी हेडफोन घेत असाल तर त्यांच्याच कानानं निवडू द्यावा. सेनहायझरचा ग्राहक-हेडफोन विभाग २०२२ मध्ये श्रवणयंत्रं बनवणाऱ्या सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला, हे या संदर्भात मला सूचक वाटतं.

राहिला पावसाळा. कोकणात आणि मुंबईत स्पंजाच्या गाद्या दोन-तीन पावसाळ्यांत चुरा होऊ लागतात, कृत्रिम कातड्याचा वरचा पापुद्रा सुटतो. मखमली गाद्या घाम कमी धरतात आणि जास्त टिकतात, पण त्याही दबतात. गादी दबली की पडदा कानाजवळ येतो आणि आवाजाचा रंग बदलतो. हेडफोन बिघडला असं समजून लोक नवा घेतात, तेव्हा बहुधा नव्या गाद्या घातल्या तरी काम भागलं असतं. वापर झाला की कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा, जाळीवर ओलं फडकं कधीही फिरवू नये. विकत घेण्याआधी सुटे भाग मिळतात का, हे विचारावं. एचडी ६०० ची केबल, गाद्या, डोक्यावरची पट्टी, अगदी पडद्याची चकतीसुद्धा पेचकस न लावता काढता येते. माझं मत म्हणून सांगायचं तर गळा आणि तंतुवाद्यं ऐकणाऱ्यानं अजूनही आधी तोच ऐकावा. ऑर्गन, पखवाज आणि मोठा वाद्यवृंद ज्याच्या नित्याचा, त्यानं सुंदारा. आणि कॉलेजातल्या मुलाला, ज्याच्या खिशात फार पैसे नाहीत आणि नुकतीच कोल्ट्रेनची गोडी लागली आहे, त्याला कॉसचा पोर्टाप्रो. १९८४ पासून तो जवळजवळ त्याच रूपात मिळतो आणि फोनच्या डाँगलवरही मजेत वाजतो.